बागेतील न दिसणारे राखणदार

आजच्या विषयास आरंभ करण्यापूर्वी माझ्यावरील एका जुन्या ऋणाचा उल्लेख करणे मला अवश्य वाटते. हे ऋण पैशाचे नव्हे; एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे आहे. १९८५ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाळेच्या मागील अंगणात मुलांनी लावलेला वांग्यांचा एक वाफा होता. त्या वर्षी रोपांवर मावा पडला. मी बाजारातून त्या काळी नव्याने आलेले एक औषध आणले आणि मुलांना दूर उभे करून स्वतःच्या हातांनी ते फवारले. दोन दिवसांत मावा नाहीसा झाला, आणि मी मुलांपुढे थोड्याशा विजयी मुद्रेने वावरलो. परंतु दोनतीन आठवडे लोटतात न लोटतात तोच पाने पांढुरकी दिसू लागली, मग तांबूस पडली. उलटून पाहतो तो पानांच्या पाठीवर बारीक जाळी पसरलेली आणि तिच्यात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे तांबडे ठिपके हालत असलेले. तो लाल कोळी होता. मी पुन्हा तेच औषध फवारले. कोळी कमी न होता वाढले. तेव्हा एक मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, आपण औषध मारलं म्हणून तर हा रोग आला नसेल?" मी त्यास म्हणालो, "वेड्या, औषधाने कधी रोग येतो काय?" बाकीची मुले हसली आणि तो मुलगा मागे सरला.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, शास्त्रज्ञ नव्हे. परंतु सेवानिवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हा मला कळून आले की, त्या मुलाने विचारलेला प्रश्न मोठमोठ्या कीटकशास्त्रज्ञांना कित्येक दशके सतावीत होता, आणि पुष्कळ प्रयोगांनंतर त्याचे उत्तर 'होय' असे आले होते. ते उत्तर मनुष्याच्या हाती कसे लागले, त्याचाच इतिहास आज सांगावयाचा आहे.

प्रथम ह्या कोळ्याची ओळख करून घेऊ. घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा कोळी आपणां सर्वांस ठाऊक आहे. हा त्याचा दूरचा आप्त, आणि गोचिडीचा मात्र जवळचा. त्याला पाय आठ असतात. अर्थात शास्त्रदृष्ट्या तो कीटक नव्हेच, कारण कीटकाचे पाय सहा. ही गोष्ट वरवर क्षुल्लक दिसते. पण आमच्या कथेत तिला फार महत्त्व आहे, हे पुढे दिसून येईल. त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पानाच्या पाठीस सुईसारखे मुख टोचून तो पेशींतील रस शोषतो, आणि असे लक्षावधी टोच पडले म्हणजे पान फिकट होऊन गळते. हवा उष्ण व कोरडी असली म्हणजे अंड्यापासून पुरता कोळी होण्यास आठदहा दिवस पुरतात, आणि एक मादी शंभराच्या घरात अंडी घालू शकते. शाळामास्तराची खोड म्हणून एक हिशेब मांडतो. शंभरांपैकी साठ माद्या धरल्या, तर दुसऱ्या पिढीत तीन हजार सहाशे माद्या होतात आणि तिसऱ्या पिढीत कोळ्यांची एकूण संख्या साडेतीन लाखांवर जाते. हे सर्व एकाच मादीपासून, आणि एकाच उन्हाळ्यात!

मग पृथ्वीवरील झाडांना एकही हिरवे पान कसे राहिले? ह्याचे उत्तर असे की, हिशेबात धरलेले बहुतेक कोळी प्रत्यक्षात जगतच नाहीत. त्यांना खाणारे जीव त्याच पानावर वावरत असतात. टाचणीच्या डोक्याएवढा काळा ढालकिडा असतो. ढेकणाच्या कुळातले काही चपळ कीटक असतात. फुलकिडे म्हटले की आमचा शेतकरी कपाळाला हात लावतो. पण त्यांतही कोळ्यांची अंडी खाणारी एखादी जात निघते. आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे दुसरा एक कोळीच. त्याला आपण शिकारी कोळी म्हणू. हा नासपतीच्या आकाराचा, तुकतुकीत आणि पळण्यात तरबेज असतो. त्याला डोळे नसतात. तो गंधाने व स्पर्शाने भक्ष्य शोधतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात असे दाखवून दिले की, लाल कोळी लागलेले घेवड्याचे रोप एक विशेष गंध सोडते आणि तो गंध येताच शिकारी कोळी त्या दिशेने वळतात. म्हणजे झाड मुकाट्याने सोसत नाही. ते आपल्या रखवालदारांना हाक मारते. कोकणात प्रत्येक गावाला एक राखणदार असतो अशी लोकांची श्रद्धा आहे. तो कोणास दिसत नाही, पण त्याच्यामुळे गाव सुरक्षित असतो असे मानतात. श्रद्धेचा प्रश्न बाजूस ठेवला, तरी प्रत्येक पानाला असा एक न दिसणारा राखणदार असतो, ही गोष्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.

ह्या राखणदारांची पहिली मोठी कत्तल झाली ती त्यांना मारण्याच्या हेतूने नव्हे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्लंडातील सफरचंदाचे बागायतदार हिवाळ्यात पाने गळून गेलेल्या झाडांना डांबरापासून काढलेल्या तेलाचा फवारा देऊ लागले. त्या तेलाने माव्याची अंडी मरत, खोडावरील शेवाळ झडून जाई आणि झाड कसे धुऊन काढल्यासारखे स्वच्छ दिसे. परंतु त्या स्वच्छ बागांतच लाल कोळी माजू लागला. कारण काय? केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथे फळझाडांवरील संशोधनाचे एक प्रसिद्ध केंद्र आहे. तेथील मॅसी आणि स्टीअर ह्या दोघा संशोधकांनी १९२९ साली हे कोडे उलगडले. लाल कोळ्याची हिवाळी अंडी त्या तेलाला दाद देत नव्हती. मात्र सालीच्या फटींत आणि शेवाळाखाली हिवाळा काढणारे त्याचे शत्रू त्या तेलाने मरत होते. वसंत ऋतूत अंडी फुटली, तेव्हा पिलांना अडविणारा कोणी उरलाच नव्हता. पुढे त्याच इंग्लंडात एल्सी कॉलियर ह्या विदुषीने १९५० नंतर काळ्या गुडघ्यांच्या एका लहानशा ढेकणाचा जीवनक्रम बारकाईने अभ्यासून तो लाल कोळ्याचा केवढा मोठा भक्षक आहे, हे दाखवून दिले.

आता अटलांटिक महासागर ओलांडून कॅनडाच्या पूर्व टोकास, नोव्हा स्कोशिया प्रांतातील ॲनापोलिस खोऱ्यात जाऊ. हे खोरे सफरचंदांसाठी प्रसिद्ध. तेथील बागायतदारांपुढे संकट होते ते बुरशीचे. आमच्या द्राक्षबागांत फवारतात ते मोरचूद व चुना ह्यांचे बोर्डो मिश्रण तेथेही पूर्वी फवारीत असत. १९३० नंतर त्याच्या जागी गंधकाची औषधे आली. बुरशी आटोक्यात राहिली. पण शिंपल्याच्या आकाराची एक खवले कीड, जी तोवर बागेत होती-नव्हती सारखीच होती, ती फांद्यांवर थरच्या थर चढू लागली. गंधक हे काही त्या किडीचे खाद्य नव्हे! मग ही बरकत कशाची?

ह्या प्रश्नाच्या मागे ए. डी. पिकेट हा संशोधक लागला. १९४३ पासून त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी एक नवीन पद्धत अवलंबिली. तोवर संशोधक असे पाहत की, अमुक औषधाने अमुक कीड किती मेली. पिकेटने विचारले की, ह्या औषधाने बागेतील एकंदर जीवसृष्टीचे काय झाले? वरकरणी हा फरक शब्दांचा वाटेल. परंतु शास्त्रात पुष्कळदा नवा प्रश्न हाच नवा शोध असतो. निरनिराळ्या बागांत निरनिराळी औषधे देऊन वर्षानुवर्षे पानापानावरील जिवांची मोजदाद झाली. पिकेटचा सहकारी एफ. टी. लॉर्ड ह्याने १९४७ साली खवले किडीचा निकाल प्रसिद्ध केला. त्या किडीचे दोन मुख्य शत्रू होते. एक तिच्या अंगात अंडी घालणारी सूक्ष्म गांधीलमाशी आणि दुसरा एक शिकारी कोळी. गंधकाने हे दोघेही मरत होते; खवले कीड मात्र आपल्या कवचाखाली सुरक्षित होती. १९४९ साली त्याने लाल कोळ्यांचा व त्यांच्या भक्षकांचाही असाच हिशेब पुढे मांडला. श्रोतेहो, लक्षात घ्या, हे गंधक किडीसाठी मुळी वापरलेच नव्हते. ते बुरशीचे औषध होते. एका दुखण्यावरील औषध दुसऱ्या दुखण्याचे कारण कसे होते, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा.

ॲनापोलिस खोऱ्यात ही शांत मोजदाद चालू असतानाच जगात एका नव्या औषधाचा डंका वाजू लागला होता. ते औषध म्हणजे डीडीटी. हा पदार्थ प्रथम १८७४ साली तयार झाला. पण त्याचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडातील पाउल म्युलर ह्या रसायनशास्त्रज्ञास १९३९ साली उमगला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३-४४ च्या हिवाळ्यात, इटलीतील नेपल्स शहरी उवांमुळे पसरणाऱ्या टायफस ज्वराची साथ उद्भवली. ती आटोक्यात आणण्यात ह्या भुकटीने मोठा वाटा उचलला. हिवतापाच्या डासांविरुद्धही तिने असंख्य प्राण वाचविले. १९४८ साली म्युलर ह्यास वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्या वेळच्या माहितीप्रमाणे ते अयोग्य होते असे कोण म्हणेल? डीडीटीला आज शिव्या देणे सोपे आहे. परंतु ज्यांनी आपली मुले तापाने जाताना पाहिली होती, त्यांना ती भुकटी देवाघरचा प्रसाद वाटली, ह्यात नवल नाही.

युद्ध संपताच, १९४५ नंतर, ती भुकटी बागांत आली. सफरचंदाचा मोठा वैरी म्हणजे फळ पोखरणारी अळी. तिच्यावर तोवर शिसे व सोमल ह्यांचे विषारी मिश्रण फवारीत. आणि त्यासही ती अळी काही प्रदेशांत दाद देईनाशी झाली होती. डीडीटीने ती पटापट मरू लागली. बागायतदार हर्षभरित झाले. पण लवकरच अमेरिकेतील व युरोपातील बागांमधून एकच तक्रार ऐकू येऊ लागली. अळी गेली, पण पाने तांब्याच्या रंगाची होत आहेत. आमच्या वांग्यांच्या वाफ्यात जे घडले, तेच तेथे हजारो एकरांवर घडत होते. येथे आठ पायांचा तो मुद्दा उपयोगी पडतो. डीडीटी हे कीटकांना मारणारे विष. लाल कोळ्यावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम होत नसे. मात्र ढालकिडे, ढेकणाच्या कुळातले भक्षक आणि पुष्कळ शिकारी कोळी त्याने नष्ट होत. चोर निर्धास्त राहिला आणि पहारेकरी तेवढे मारले गेले.

हीच गोष्ट कॅलिफोर्नियात आणखी नाट्यमय रीतीने प्रत्ययास आली. तेथील संत्र्यांच्या बागांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापसासारखे पुंजके करणारी एक खवले कीड ऑस्ट्रेलियातून आली होती आणि तो धंदा बुडण्याच्या बेतात होता. तेव्हा आल्बर्ट कोबेल हा गृहस्थ १८८८ साली ऑस्ट्रेलियास गेला आणि तेथून त्याने त्या किडीवर जगणारे ढालकिडे धाडले. पहिल्या काही पेट्यांतून जे किडे जिवंत पोहोचले, ते अवघे एकशे एकोणतीस होते! त्यांच्या प्रजेने एकदोन वर्षांत कॅलिफोर्नियातील बागा स्वच्छ केल्या. पुढे सुमारे अर्धशतकपर्यंत त्या किडीचे नावही कोणी घेतले नाही. १९४६-४७ च्या सुमारास सान होआकिन खोऱ्यातील संत्र्यांवर डीडीटी फवारले गेले, ढालकिडे मेले, आणि आजोबांच्या काळची ती कीड पुन्हा फांद्याफांद्यांवर दिसू लागली. डीडीटीचा वापर आवरला व ढालकिडे पुन्हा आणून सोडले, तेव्हा कोठे ती पूर्ववत झाली.

पॉल डीबाख ह्या कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञाने ह्या अनर्थातूनच एक युक्ती काढली. राखणदार खरोखर काही काम करतात की नाही, हे सिद्ध कसे करावयाचे? त्याने १९४६ साली असे सुचविले की, काही झाडांवर मुद्दाम डीडीटी मारून राखणदार काढून टाकावेत, शेजारची झाडे तशीच ठेवावीत, आणि मग किडीची संख्या मोजावी. दोहोंतील अंतर म्हणजे राखणदारांची मजुरी. घरातील गृहिणी आजारी पडली म्हणजेच ती दिवसभर काय काय करीत होती हे इतरांस कळते. तसाच हा प्रकार.

आता कोणी म्हणेल की, कोळ्यांवर चालणारे वेगळे औषध का शोधू नये? तसे शोधलेही. पॅराथिऑनसारखी औषधे आली. त्यांनी प्रारंभी कोळी पटापट मेले. परंतु काही वर्षांतच, १९५० च्या सुमारास, त्या औषधांस न जुमानणारे कोळी दिसू लागले. आणि राखणदारांत मात्र अशी सहनशक्ती इतक्या लवकर का येईना? ह्याचे एक मार्मिक उत्तर शास्त्रज्ञांनी दिले आहे. समजा, फवारणीनंतर एका पानावर एक लाल कोळी आणि एक शिकारी कोळी असे दोघेच वाचले. लाल कोळ्याला सारे पान खायला मोकळे आहे आणि अडविणारा कोणी नाही. त्याचा वंश वाढणार. शिकारी कोळ्याला मात्र खाण्यास काही उरलेले नाही. तो उपाशी मरणार किंवा दुसरीकडे जाणार. विष दोघांवर सारखेच पडले, तरी परिणाम सारखा होत नाही. जो दुसऱ्यावर जगतो, त्याला आपत्तीतून सावरण्यास नेहमीच उशीर लागतो. ह्याशिवाय, काही औषधांच्या अल्प अंशाने लाल कोळी अधिक अंडी घालतात की काय, असाही वाद पुष्कळ वर्षे चालला. काही औषधांच्या बाबतीत तसा पुरावा मिळालाही. तथापि राखणदारांचा नाश हे एक मोठे कारण आहे, ह्याविषयी फारसा मतभेद राहिला नाही.

बागेच्या कुंपणाबाहेरही हाच अनुभव आला. १९५६ साली अमेरिकेच्या वनखात्याने एका अळीचा नायनाट करण्यासाठी सुमारे ८,८५,००० एकर जंगलावर डीडीटी फवारले. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात माँटाना व आयडाहो ह्या संस्थानांतील डोंगरांवरचे सूचिपर्णी वृक्ष विटकरी रंगाचे दिसू लागले. तेथेही लाल कोळीच माजला होता. ही हकीकत आणि नोव्हा स्कोशियातील पिकेटच्या कार्याची वाखाणणी ही दोन्ही रेचेल कार्सन ह्या विदुषीने १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या 'सायलेंट स्प्रिंग' ह्या ग्रंथात आली आहेत. नोव्हा स्कोशियाच्या बागायतदारांचा कीटकनाशकांवरील खर्च इतर बहुतेक सफरचंद-प्रदेशांच्या मानाने दहा ते वीस टक्केच होता, असे तिने तेथे नमूद केले आहे.

येथवर सारी कथा नाशाची झाली. परंतु ज्ञानाचा खरा कस लागतो तो पुढे. किडीही मारावयाच्या आणि राखणदारही जगवावयाचे, हे साधणार कसे? त्याआधी राखणदार आणि चोर ह्यांचा नित्याचा व्यवहार कसा चालतो, हे समजणे अवश्य होते. कॅलिफोर्नियातील कार्ल हफेकर ह्याने १९५८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्या बाबतीत अविस्मरणीय आहे. त्याने टेबलावर संत्री व रबरी चेंडू मांडून कोळ्यांचे एक लहानसे विश्वच उभे केले. साध्या मांडणीत शिकारी कोळी सगळे भक्ष्य खाऊन टाकीत आणि मग स्वतः उपाशी मरत. दोघांचाही अंत होई. मग त्याने दोनशे बावन्न संत्र्यांची मांडणी केली. मध्ये मध्ये व्हॅसलिनच्या रेघा ओढून शिकाऱ्याची वाट बिकट केली, आणि लाकडाच्या बारीक काड्या उभ्या करून लाल कोळ्यांना आपल्या रेशमी धाग्यावर तरंगत दुसरीकडे जाण्याची सोय करून दिली. तेव्हा मात्र दोघांची संख्या आळीपाळीने वाढत व घटत तीन वेळा वरखाली झाली. ह्यावरून असे दिसून आले की, राखणदार टिकावयाचा असेल, तर थोडासा चोरही टिकला पाहिजे, आणि त्याला लपण्यास जागाही असली पाहिजे. निष्कलंक स्वच्छ बाग ही राखणदाराच्या दृष्टीने ओसाड जागा होय.

पुढील वर्षी, १९५९ मध्ये, स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन ह्या चौघा कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी औषध व राखणदार ह्यांचा मेळ घालण्याची कल्पना सुसंगतपणे मांडली. कीड दिसली की फवारा, हा नियम त्यांनी मोडून काढला. किडीमुळे होणारे नुकसान औषधाच्या खर्चाहून जड होण्याची वेळ जवळ आली, तरच हात उचलावा, असे त्यांचे सांगणे. आमच्या कृषिविद्यापीठांच्या पत्रकांत 'आर्थिक नुकसानीची पातळी' हा जो शब्द येतो, त्याचा उगम ह्या विचारात आहे.

ह्या विचाराची बागेतील सर्वांत सुंदर परीक्षा झाली ती अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन संस्थानात, वेनॅची ह्या सफरचंदांच्या गावी. स्टॅन्ली हॉइट हा तेथील संशोधक. १९६० नंतरच्या त्या दशकात तेथील बागायतदार फळ पोखरणाऱ्या अळीसाठी एक औषध नियमाने वापरीत आणि लाल कोळ्यांसाठी आणखी निराळी औषधे मारीत. तरी कोळी आटपेनात. हॉइटच्या असे ध्यानात आले की, काही बागांतील शिकारी कोळी अळीवरील त्या नित्याच्या औषधास आता सरावले आहेत. वर्षानुवर्षांच्या माऱ्यातून अखेर राखणदारांतही एक काटक वंश निपजला होता! त्यांचा घात होत होता तो मुख्यतः कोळ्यांवर मारलेल्या औषधांनी. म्हणून त्याने सांगितले की, अळीचे औषध बेताने, जरूर तेवढेच द्या. कोळ्यांची औषधे शक्य तो थांबवा.

त्याने आणखी एक गोष्ट हेरली. सफरचंदाच्या पानांवर एक तिसरा, अत्यंत सूक्ष्म कोळी असतो; तो पाने थोडी तपकिरी करतो, पण फारसे नुकसान करीत नाही. बागायतदार त्यासही शत्रू समजून मारीत. हॉइटने दाखविले की, वसंतात लाल कोळी दुर्मिळ असतात, तेव्हा शिकारी कोळी ह्या सूक्ष्म कोळ्यावरच गुजराण करतात. तो मारला तर राखणदार उपाशी मरतात, आणि उन्हाळ्यात लाल कोळी येतात तेव्हा दारावर कोणी नसते. म्हणजे काही क्षुद्र शत्रूंना जगू देणे हाच मोठ्या शत्रूपासून बचाव. हॉइटचा हा निबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला, आणि तेथील बागायतदारांनी ही रीत मोठ्या प्रमाणावर उचलली.

श्रोतेहो, येथे मला त्या बागायतदारांच्या मनोबलाचे कौतुक वाटते. कर्ज काढून लावलेली बाग. पानांवर तांबडे ठिपके डोळ्यांदेखत वाढत आहेत. कोठारात फवाऱ्याचे यंत्र तयार आहे. आणि एक सरकारी संशोधक सांगतो आहे की, थांबा, पाने मोजा, भिंगातून राखणदार शोधा, आणखी आठ दिवस वाट पाहा! औषध मारणे हे काहीतरी केल्यासारखे वाटते. वाट पाहणे मात्र काहीच न केल्यासारखे. ज्या शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न त्या पानांवर टांगलेले आहे, त्याने असा धीर धरणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ज्ञान पुस्तकात होते; ते बागेत उतरले ते ह्या धीरामुळे.

काचगृहांतील कथाही थोडक्यात सांगतो. १९५८ साली चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडच्या रोपांवर एक नारिंगी शिकारी कोळी योगायोगाने आढळला. तो लाल कोळ्यावाचून दुसरे काही जवळजवळ खातच नाही; दिवसाकाठी पाच मोठे कोळी किंवा वीस अंडी हा त्याचा आहार. काकड्यांच्या काचगृहांत औषधांना न जुमानणाऱ्या कोळ्यांनी उच्छाद मांडला होता, तेथे हा पाहुणा सोडण्यात आला आणि १९६० नंतर इंग्लंड व नेदरलँड्स येथे त्याची पैदास होऊ लागली. आज अनेक देशांत तो डब्यांत भरून विकला जातो. पण जो माळी हे राखणदार विकत आणतो, त्याला इतर औषधे जपून वापरावी लागतात. नाही तर एका हाताने नेमलेला पहारेकरी दुसऱ्या हाताने मारल्यासारखे होते.

आता आपल्या घराकडे वळू. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ साली बंद झाला. हिवतापाविरुद्ध तो त्यानंतरही चालू राहिला. तथापि विषाचे नाव बदलले म्हणून न्याय बदलत नाही. १९८० च्या सुमारास कृत्रिम पायरेथ्रॉइड वर्गाची औषधे आपल्याकडे कापसावर व भाजीपाल्यावर आली. अळ्यांना ती फार मारक ठरली. पण शिकारी कोळ्यांनाही ती तितकीच मारक असतात आणि त्यांच्या वारंवार फवारणीनंतर लाल कोळी उफाळतो, असा अनुभव अनेक देशांत आला. माझ्या शाळेच्या वाफ्यावर पडले ते ह्याच वर्गातील औषध होते. भेंडी, वांगी, द्राक्षे, पुण्याच्या आसपास काचगृहांसारख्या प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली वाढणारे गुलाब, ह्या सर्वांस हा कोळी आजही छळतो.

मी असे मुळीच म्हणत नाही की, औषधे फेकून द्या. ज्याचे पोट शेतीवर आहे, त्याला असा उपदेश गच्चीवर दोन कुंड्या ठेवणाऱ्या माझ्यासारख्याने करणे हे उद्धटपणाचे होईल. पिकेटनेही फवारे वापरले आणि हॉइटनेही. त्यांनी सोडले ते औषध नव्हे, तर न पाहता औषध मारण्याची सवय. आपणांपैकी ज्यांच्या गच्चीवर गुलाब किंवा अंगणात भेंडी असेल, त्यांनी पान फिकट दिसताच दुकानाकडे न धावता ते उलटून पाहावे. एखादे स्वस्त भिंग घ्यावे. तांबड्या ठिपक्यांमध्ये एखादा तुकतुकीत, वेगाने पळणारा ठिपका दिसला, तर समजावे की राखणदार कामावर आहे. पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारल्यानेही पुष्कळ कोळी धुऊन जातात; तेवढे करून त्या राखणदारास काही दिवसांची मुदत द्यावी.

राहता राहिले माझे ऋण. तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. तो कोठे आहे, मला ठाऊक नाही. कदाचित हे भाषण ऐकतही असेल. त्यास मला एवढेच सांगावयाचे आहे की, बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता आणि तुझ्या गुरुजींचे उत्तर चुकले. तू पानाकडे पाहून बोलत होतास, मी डब्यावरची जाहिरात वाचून बोलत होतो. त्या दिवशी मी तुझ्या हाती एक भिंग दिले असते, तर त्या वाफ्यात आपण दोघेही काही शिकलो असतो. उत्तरास चाळीस वर्षे उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी.